महाराष्ट्र व गोव्यातील पारंपरिक निवासी वास्तुशैली

महाराष्ट्र व गोव्यातील पारंपरिक निवासी वास्तुशैली म्हणजे या प्रदेशात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित असलेले घरबांधणीचे प्रकार होत. वाडा, धाब्याचे घर, कोकणी कौलारू घर, गोव्यातील इंडो-पोर्तुगीज घर, मुंबईची चाळ आणि आर्ट डेको इमारत हे त्यांतील प्रमुख प्रकार आहेत. पर्जन्यमान, स्थानिक दगड-माती, कुटुंबाची रचना आणि राजकीय संपर्क यांमुळे या शैलींत भेद निर्माण झाले.

== ओळखण्याचे निकष ==
घराची शैली ठरविताना आराखडा, छप्पर, बांधकामसाहित्य आणि अलंकरण या क्रमाने निरीक्षण करणे उपयुक्त ठरते. अलंकरण सहज बदलता येते, त्यामुळे केवळ नक्षी, रंग किंवा कठडे पाहून काढलेला निष्कर्ष फसवा असू शकतो. आराखडा मात्र घर पाडल्याशिवाय सहसा पूर्णपणे बदलत नाही. घरात चौक आहे का, खोल्या एकामागून एक आहेत की एका ओळीत, आणि घराचा दर्शनी भाग रस्त्याकडे उघडतो की आतल्या बाजूस, हे प्रश्न सर्वांत महत्त्वाचे होत.

== वाडा ==
वाडा ही देशावरील, विशेषतः मराठेशाहीच्या काळात विकसित झालेली शैली आहे. मोकळ्या चौकाभोवती खोल्यांची रचना हे तिचे मुख्य लक्षण होय. मोठ्या वाड्यांत एकाहून अधिक चौक असत. पुढचा चौक कामकाज व पाहुण्यांसाठी, तर मागचे चौक घरगुती वापरासाठी असत. बाहेरील भिंती जाड असून तळमजल्यावर खिडक्या कमी असतात. प्रवेशद्वाराच्या मोठ्या दारात ये-जा करण्यासाठी लहान दिंडी दरवाजा असतो.

बांधकामात दगडी जोते, वीट किंवा मातीच्या भिंती आणि लाकडी सांगाडा असतो. दगडी तळखड्यावर लाकडी खांब उभे करून त्यांवर तुळया, कड्या व फळ्यांचा कडीपाट घालतात. दोन खांबांमधील अंतरास ‘खण’ म्हणतात आणि खोलीचे आकारमान खणांत सांगण्याची पद्धत होती. संपन्न वाड्यांत सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी आणि केळफुलाची नक्षी आढळते.

पुण्यातील शनिवारवाड्याचे बांधकाम 1730 मध्ये सुरू झाले. 1828 मधील आगीत त्याच्या लाकडी इमारती नष्ट झाल्या. जोती, तटबंदी व दरवाजे उरले. लाकडी बांधकामाचे स्वरूप समजण्यासाठी दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला पुण्यातील विश्रामबागवाडा आणि वाईजवळील मेणवली येथील नाना फडणवीसांचा वाडा अधिक उपयुक्त आहेत.

== धाब्याचे घर ==
मराठवाडा, खानदेश व पश्चिम महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या भागात सपाट छपराची घरे आढळतात. तुळयांवर लाकूड पसरून त्यावर मातीचे जाड थर दाबून बसवितात. या छपरास धाबे किंवा माळवद म्हणतात. प्रकाश येण्यासाठी व धूर जाण्यासाठी त्यात झरोका ठेवलेला असतो. जाड छपरामुळे उन्हाळ्यात घर तुलनेने थंड राहते. धान्य वाळविण्यासाठी व उन्हाळ्यात झोपण्यासाठी माळवदाचा उपयोग होतो.

या भागातील वाड्यांनाही धाबे असू शकते. म्हणून सपाट छप्पर हे प्रदेशाचे, तर चौक हे वाड्याचे लक्षण मानावे.

== कोकणी घर ==
कोकणातील मुसळधार पावसामुळे येथील छप्पर चांगलेच उतरते असून त्याच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतके पुढे आलेले असते. भिंतींसाठी जांभ्या दगडाचे चिरे वापरतात. समोर खळे (अंगण) व तुळशीवृंदावन, त्यानंतर पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील पडवी असा क्रम सामान्यतः आढळतो. वाड्याप्रमाणे मधोमध चौक बहुधा नसतो. मोकळी जागा घराच्या पुढे व मागे असते.

== गोव्यातील घरे ==
गोव्यातही जांभा दगड व उतरते कौलारू छप्पर असते. त्यामुळे केवळ साहित्यावरून कोकणी व गोव्यातील घर वेगळे ओळखता येत नाही. पोर्तुगीज प्रभावाखालील ख्रिस्ती कुटुंबांची घरे रस्त्याकडे तोंड करून असतात. उंच जोते, पायऱ्यांच्या शेवटी दगडी बाके असलेला छतयुक्त ओटा म्हणजे ‘बाल्कांव’, मोठ्या खिडक्यांची सममित रांग आणि खिडक्यांत काचेऐवजी बसविलेले पातळ शिंपले ही त्यांची लक्षणे होत. चांदोर येथील मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाचे घर या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

हिंदू कुटुंबांची जुनी मोठी घरे मात्र बहुधा अंतर्मुख असून त्यांच्या मध्यभागी तुळशीवृंदावन असलेला चौक, म्हणजे ‘राजांगण’, असतो.

== चाळ ==
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्यांमुळे वाढलेल्या कामगारवस्तीसाठी चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक मजल्यावर एका ओळीत एक किंवा दोन खोल्यांची बिऱ्हाडे, त्यांना जोडणारी सामाईक गॅलरी आणि सामाईक शौचालये ही चाळीची रचना होय. जुन्या चाळींत लाकडी जिने व कठडे आढळतात. 1920 च्या दशकातील बी.डी.डी. चाळी सिमेंट काँक्रीटच्या आहेत. साहित्य भिन्न असले तरी आराखड्यामुळे दोन्हींना चाळच म्हणतात.

== आर्ट डेको इमारती ==
1930 व 1940 च्या दशकांत मुंबईतील मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदान परिसर, दादर व माटुंगा येथे या शैलीच्या निवासी इमारती बांधल्या गेल्या. गोलाकार कोपरे व सज्जे, खिडक्यांवरील आडव्या पट्ट्यांसारखी छज्जी, भौमितिक नक्षीच्या लोखंडी जाळ्या आणि दर्शनी भागावर ठळक अक्षरांत कोरलेले इमारतीचे नाव यांवरून त्या ओळखता येतात. चाळीच्या उलट येथे प्रत्येक कुटुंबाचे घर स्वयंपूर्ण असते. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

== मिश्र शैली व कालनिश्चिती ==
अनेक घरांत वेगवेगळ्या काळांतील भाग एकत्र आढळतात. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर चपटी मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर व देशावर पसरली आणि हाताने घडविलेल्या नळीच्या कौलांची जागा त्यांनी घेतली. त्यामुळे पेशवेकालीन वाड्यावर मंगलोरी कौले दिसल्यास छप्पर नंतर बदलले आहे असे समजावे. त्यावरून संपूर्ण वाडा अलीकडचा ठरत नाही. उलटपक्षी, जुन्या वाड्यांचे कोरीव खांब व दारे नव्या बंगल्यांत बसविली जातात. अशा घराला चौक व लाकडी सांगाडा नसेल तर ते वाडाशैलीचे ठरत नाही.

== जतन ==
वाटण्या, भाडेकरार, देखभालीचा खर्च आणि पुनर्विकास यांमुळे शहरांतील वाडे व चाळी झपाट्याने कमी होत आहेत. मुंबईत 1995 पासून वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियमावली लागू झाली. कोणती वास्तू जतन करावी हे ठरविताना शैलीची अचूक ओळख आवश्यक असते, कारण नक्षी नसलेले साधे घर दुर्लक्षित राहून त्याचा मूळ आराखडा नोंद होण्यापूर्वीच नष्ट होण्याची शक्यता असते.

== हे सुद्धा पहा ==
* शनिवारवाडा
* विश्रामबागवाडा
* चाळ
* जांभा दगड