लूव्रचे जुने रहिवासी

पॅरिसच्या लूव्रमध्ये शिरलेली गर्दी थेट मोनालिसा गाठते. मी चित्रकला शिकवते. मला ओढ होती ती ग्रँड गॅलरीची. लूव्र आणि ट्वीलरी हे दोन राजवाडे जोडायला चौथ्या हेन्रीने सेन नदीच्या काठाने हे लांबच लांब दालन बांधून घेतलं आणि 1608 मध्ये त्याच्या खालची घरं चित्रकार, शिल्पकार, सोनार, घड्याळजी अशा कसबी माणसांना राहायला दिली. पुढे 1682 मध्ये चौदावा लुई दरबारासह व्हर्सायला गेला. कलावंत मात्र इथेच राहिले. तांब्याची भांडी नि फळं रंगवणारा शार्दां 1779 मध्ये वारला, तोही लूव्रमधल्या आपल्या घरातच.

म्हणून 10 ऑगस्ट 1793 रोजी, फ्रेंच राज्यक्रांतीत राजसत्ता उलथली त्याला वर्ष होताना, इथे संग्रहालय उघडलं, तेव्हा चित्रकार काही परके नव्हते. क्रांतीच्या पंचांगात आठवडा दहा दिवसांचा. त्यातले तीन दिवस सर्वांसाठी. उरलेल्यांतले बहुतेक चित्रं पाहून शिकणाऱ्या कलावंतांसाठी.

लूव्रमध्ये राहणाऱ्या चित्रकारांतला एक उबेर रॉबेर. क्रांतीत तो तुरुंगात गेला, सुटून आल्यावर संग्रहालयाच्या कारभारात बसला. 1796 मध्ये त्याने ग्रँड गॅलरीची दोन चित्रं मांडली. एकात छतातून उजेड घेण्याची त्याची योजना आहे. दुसऱ्यात तीच गॅलरी भग्न झालेली: कमान फुटून आभाळ दिसतंय, मायकेलअँजेलोचा गुलाम जमिनीवर आडवा पडलाय, आणि उभ्या राहिलेल्या अपोलोच्या पुतळ्यासमोर एक तरुण मांडीवर कागद घेऊन रेखाटन करतोय. छत गेलं तरी त्याचा अभ्यास चालूच.

1806 मध्ये नेपोलियनने या बिऱ्हाडांना बाहेर काढलं. शिकणाऱ्यांचा हक्क तेवढा राहिला. आजही परवानगी घेऊन इथे ईझल लावता येतं. एक अट अशी, की नक्कल मूळ चित्राच्या मापाची नको.

राजाचा खजिना जनतेचा झाला, हे मोठंच. पण लूव्र मोठं झालं ते चित्रासमोर बसून काम करणाऱ्यांना त्याने जागा दिली म्हणून. आपल्याकडच्या प्रत्येक संग्रहालयाने शाळेच्या मुलांना वही-पेन्सिल घेऊन दालनात बसू द्यावं. चित्र समजतं ते हाताने काढून पाहिल्यावर.