अडीच चमच्यांची जागा: पिस्टन, कम्प्रेशन रेशो आणि नायट्रसचा इतिहास

१/
२००१ साली ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा चित्रपट आला आणि नायट्रसची बाटली जगभरातील तरुणांना ठाऊक झाली. चालक कळ दाबतो आणि गाडी बाणासारखी सुटते, एवढेच पडद्यावर दिसते. इंजिन बांधणाऱ्याला मात्र बाटलीआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो: पिस्टन कोणता बसवायचा? म्हणजेच कम्प्रेशन रेशो किती ठेवायचा? या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एक महायुद्धही आहे.

२/
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये असलेली एकूण जागा आणि तो माथ्यावर पोहोचल्यावर उरलेली जागा यांचे प्रमाण म्हणजे कम्प्रेशन रेशो, अर्थात संपीडन गुणोत्तर. ५०० घनसेंटिमीटर विस्थापनाच्या सिलिंडरमध्ये माथ्यावर ६२.५ घनसेंटिमीटर जागा उरली तर हे गुणोत्तर ९ येते. ५० उरली तर ११ येते. फरक अवघा साडेबारा घनसेंटिमीटरचा, म्हणजे चहाच्या अडीच चमच्यांचा. पिस्टनचा माथा खोलगट, सपाट की फुगीर, यावर हा फरक बव्हंशी ठरतो. एकदा इंजिन बांधले की तो सहजी बदलता येत नाही.

३/
दाबायचे कशासाठी? १८७६ मध्ये जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी चार फेऱ्यांचे इंजिन सिद्ध केले. त्याचे गुणोत्तर अडीचच्या आसपास होते. मिश्रण जितके अधिक दाबून पेटवावे, तितका उष्णतेचा मोठा वाटा कामात उतरतो, हे ऊष्मागतिकीचे सूत्र सांगते. आदर्श गणितानुसार अडीच गुणोत्तराला कार्यक्षमता सुमारे ३१ टक्के, ९ ला ५८.५ टक्के आणि ११ ला जवळपास ६२ टक्के येते. प्रत्यक्ष इंजिन या आकड्यांच्या पुष्कळ खाली राहते. परंतु दिशा तीच असते. वाढीचा वेग मात्र वर जाताना मंदावतो. ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरते.

४/
मग गुणोत्तर वाढवतच का नेले नाही? कारण वाटेत ‘नॉकिंग’ उभे होते. चढावर उच्च गिअरमध्ये गाडी रेटली की इंजिनातून कधीकधी टक्-टक् असा धातूवर घाव पडल्यासारखा आवाज येतो, तेच हे. स्पार्क प्लगपासून निघालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाब आणि उष्णतेमुळे आपोआप भडकते. या धक्क्यांनी पिस्टन झिजतो, तडकतो, क्वचित वितळतो. ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो यांनी चालू स्थितीत गुणोत्तर बदलता येईल असे प्रायोगिक इंजिन बांधले आणि पहिल्या महायुद्धानंतर एकेक इंधन त्यात तपासले. प्रत्येक इंधनाला सोसवेल असे एक कमाल उपयुक्त गुणोत्तर असते, हे त्यांनी मोजून दाखवले.

५/
म्हणजे पिस्टनचा प्रश्न इंधनाशी बांधलेला होता. ९ डिसेंबर १९२१ रोजी अमेरिकेत टॉमस मिजली यांना शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, सापडले. त्याची अल्प मात्रा पेट्रोलमधील नॉकिंग दडपून टाकी. १९२३ मध्ये ते विक्रीला आले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग बनवणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेने मरण पावले. तरीही उत्पादन पुढे चालू राहिले. याच दशकात इंधनाची नॉकिंगरोधक शक्ती मोजणारी ऑक्टेन श्रेणीही ठरली. ऑक्टेन वाढला, गुणोत्तर वाढले, शक्ती वाढली. आणि शिसे रस्त्यांवरच्या हवेत मिसळत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. गाड्यांसाठी ते विकणारा अखेरचा देश अल्जीरिया. तेथे २०२१ उजाडावे लागले.

६/
आता दुसरे पात्र. नायट्रस ऑक्साइड हा वायू जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ च्या सुमारास वेगळा केला. १८०० च्या आगेमागे हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिस्टल येथे तो स्वतः हुंगून पाहिला. त्यातूनच ‘लाफिंग गॅस’ हे नाव रूढ झाले. १८४४ मध्ये अमेरिकी दंतवैद्य होरेस वेल्स यांनी दात उपटताना वेदनाशमनासाठी त्याचा उपयोग केला. त्यानंतर जवळपास शंभर वर्षे हा वायू मुख्यत्वे वैद्यकाच्या खोलीत राहिला.

७/
इंजिनाला त्याचे आकर्षण का? वजनाने पाहता हवेत सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला त्याचे विघटन होऊ लागते आणि ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय तो दाबाखाली द्रवरूपात साठवता येतो आणि उणे ८८ अंशांना उकळतो. त्यामुळे आत शिरताना आतल्या हवेला थंड करून दाट करतो. हा वायू स्वतः इंधन नाही. तो अधिक इंधन जाळण्याची सोय करतो. त्याच्यासोबत जादा पेट्रोल दिले नाही, तर तोच पिस्टनचा काळ ठरतो.

८/
या दोन प्रवाहांचा संगम दुसऱ्या महायुद्धात झाला. त्या वेळी विमानाच्या इंजिनाचे दोन मार्ग दिसतात. ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाने गुणोत्तर केवळ ६ ठेवले आणि सुपरचार्जरने सिलिंडरमध्ये हवा कोंबून शक्ती मिळवली. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचे इंधन मिळताच ही कोंबण्याची मर्यादा आणखी वाढवली गेली. जर्मन डाइमलर-बेंझच्या डीबी ६०१ ए इंजिनाचे गुणोत्तर होते ६.९. त्याच्या ‘एन’ आवृत्तीत पिस्टनचे खोलगट माथे सपाट करण्यात आले, गुणोत्तर ८.२ वर गेले आणि अधिक ऑक्टेनचे इंधन आवश्यक झाले. एकाने भरण्यावर भर दिला, दुसऱ्याने दाबण्यावर.

९/
मात्र आकाशात दोघांपुढे एकच अडचण होती. दहा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे एकतृतीयांश उरते. प्रत्येक सुपरचार्जरची एक ठरावीक उंची असते. त्यापलीकडे तो सिलिंडर पुरेसा भरू शकत नाही आणि शक्ती ओसरू लागते. उंचावर शत्रू वर आणि आपण खाली, याचा अर्थ वैमानिकाला नेमका ठाऊक असे. यावर उपाय म्हणून जर्मनीत ओटो लुट्झ यांनी १९४० मध्ये ‘जीएम-१’ ही योजना विकसित केली. तिच्यात नायट्रस ऑक्साइड थेट सुपरचार्जरच्या वाटेत सोडला जाई.

१०/
मेसरश्मिट बीएफ १०९ च्या ‘ई-७’ मालिकेतील एका उपप्रकारात ८.२ गुणोत्तराचे ६०१ एन इंजिन आणि जीएम-१ या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. वरवर पाहता हा आत्मघात वाटतो: दाबही जास्त आणि जादा ऑक्सिजनही! परंतु जीएम-१ वापरायचा तो केवळ सुपरचार्जर थकल्यानंतरच्या उंचीवर. तेथे सिलिंडर मुळातच अर्धवट भरलेला असे. नायट्रस ती रिकामी जागा भरून काढी. मर्यादेपलीकडे काही लादत नसे.

११/
कमी उंचीवर चित्र उलटे होते. तेथे हवा मुबलक, सिलिंडर काठोकाठ भरलेला आणि अडथळा नॉकिंगचा. म्हणून तेथे जर्मनांनी ‘एमडब्ल्यू ५०’ ही वेगळी योजना वापरली. मिथेनॉल आणि पाणी जवळपास समप्रमाणात फवारले जाई. ते मिश्रणाला थंड करी, नॉकिंग रोखी आणि सुपरचार्जरचा दाब वाढवू देई. एका योजनेने ऑक्सिजनची उणीव भरली, दुसरीने उष्णता आवरली. ब्रिटिशांनीही १९४४ मध्ये काही मॉस्किटो रात्र-लढाऊ विमानांना नायट्रस दिला. त्यांच्या मर्लिन इंजिनांचे गुणोत्तर होते ६.

१२/
युद्ध संपले आणि विमानातील पुष्कळशी विद्या अमेरिकेच्या शर्यतपटूंनी रस्त्यावर उतरवली. १९६० च्या दशकात तेथे पेट्रोल शिसेयुक्त, स्वस्त आणि उच्च ऑक्टेनचे होते. १९७० च्या शेव्हरोले एलएस-६ इंजिनाचे गुणोत्तर होते ११.२५. मग प्रदूषणाचे नियम कडक झाले. १९७१ च्या गाड्यांसाठी जनरल मोटर्सने आपली इंजिने कमी ऑक्टेनच्या, शिसेविरहित पेट्रोलवर चालतील अशी केली. कॉर्व्हेटमधील एलटी-१ इंजिनाचे गुणोत्तर ११ वरून ९ वर आले आणि जाहीर शक्ती ३७० अश्वशक्तीवरून ३३० वर उतरली. चाहत्यांना हा अस्तकाळ वाटला.

१३/
याच काळात नायट्रसने रस्त्यावर बस्तान बसवले. १९७८ मध्ये माइक थर्मोस आणि डेल वाझ्नायन यांनी ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी स्थापन केली. तिचे ‘एनओएस’ हे आद्याक्षरी नाव पुढे या वायूचेच लोकप्रिय नाव झाले. शक्ती हिरावली गेलेल्या इंजिनांना बाटलीतून ती परत मिळू लागली. आणि अस्तकाळाचे चिन्ह मानले गेलेले ते कमी गुणोत्तरच येथे उपयोगी पडले, कारण नॉकिंगपूर्वी अधिक मोकळीक त्यामुळेच मिळत होती.

१४/
येथे विमान आणि मोटार यांतील कळीचा भेद दिसतो. वैमानिक विरळ हवेत नायट्रस सोडी. मोटारचालक समुद्रसपाटीजवळ, पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे सिलिंडर आधीच भरलेला असताना तो सोडतो. उंचीने जी रिकामी जागा विमानाला फुकट दिली, ती मोटारीत इंजिन बांधणाऱ्यालाच राखून ठेवावी लागते. ती ठेवण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे पिस्टनचा माथा. अडीच चमच्यांचा प्रश्न तो हाच.

१५/
हिशेब असा. ३०० अश्वशक्तीचे, ११ गुणोत्तराचे इंजिन ९ वर आणले तर सूत्रानुसार सुमारे ५ टक्के, म्हणजे १५ अश्वशक्ती जाते. एलटी-१ चे जाहीर आकडे धरले तर ११ टक्के, म्हणजे ३३. त्या बदल्यात नायट्रसची १०० अश्वशक्ती सुरक्षितपणे झेलता येत असेल, तर सौदा उघडच लाभाचा. गुणोत्तराची वाढ वर जाताना मंदावते, हे तिसऱ्या भागात आले होते. म्हणूनच ही माघार स्वस्त पडते.

१६/
मग आणखी खाली, ७ वर का जाऊ नये? कारण साडेचार किलोची बाटली १०० अश्वशक्तीच्या मात्रेला सुमारे दोन मिनिटांत रिती होते. उरलेला सारा काळ, बाजारात जाताना, रहदारीत, लांबच्या प्रवासात, गाडी केवळ पेट्रोलवर चालते. मंद प्रतिसाद आणि वाढलेला इंधनखर्च तेव्हा प्रत्येक किलोमीटरला जाणवतो. म्हणून पंपावरचे पेट्रोल वापरणाऱ्या रस्त्यावरील गाडीसाठी ९ ते १० च्या आसपासचा मध्यममार्ग रूढ झाला. अत्युच्च ऑक्टेनचे खास इंधन वापरणारी शर्यतीची इंजिने १३ च्याही वर जातात आणि तरीही नायट्रस झेलतात. रिकार्डोंचा नियम येथेही लागू आहे: गुणोत्तराचा निवाडा इंधन करते.

१७/
आकड्यासोबत पिस्टनची जातही पाहावी लागते. ओतीव पिस्टन कठीण पण ठिसूळ असतो. नॉकिंगचा एखादा धक्काही त्याला तडा देऊ शकतो. घडीव, म्हणजे फोर्ज्ड, पिस्टन तोच धक्का पुष्कळ अंशी पचवतो. नायट्रसच्या उष्णतेने पिस्टनची रिंग प्रसरण पावते. तिच्या दोन टोकांत पुरेशी फट नसेल तर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंगेवरचा पिस्टनचा काठ फुटतो. ज्वलनही वेगवान होते, म्हणून ठिणगी किंचित उशिरा द्यावी लागते. दर ५० अश्वशक्तीमागे सुमारे दोन अंश, असा कारागिरांचा ठोकताळा आहे.

१८/
दीडशे वर्षांच्या या वाटचालीत एक गोष्ट कायम राहिली. सिलिंडरची सहनशक्ती मर्यादित आहे आणि ती गुणोत्तर, भरलेली हवा व नायट्रस यांच्यात वाटून घ्यावी लागते. मर्लिनने तिचा मोठा वाटा सुपरचार्जरला दिला, ६०१ एनने पिस्टनला. शिशाने ती मर्यादाच वाढवून दिली, पण त्याची किंमत कामगारांनी आणि भर रस्त्यावर श्वास घेणाऱ्यांनी चुकवली. रस्त्यावरच्या गाडीत हा वाटा इंजिन उघडे असतानाच ठरवावा लागतो. बाटलीची झडप चालकाला क्षणात बंद करता येते; पिस्टनचा माथा मात्र तो चालत्या गाडीत बदलू शकत नाही.