वणव्याच्या चालीनं चालणारं गणित

उन्हाळ्यात बेगडेवाडीजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगराला वणवा लागला की आगीची कड वाळलं गवत खात पुढे सरकते आणि मागे काळी जमीन उरते. नवं गवत येईपर्यंत ती जमीन पुन्हा पेटत नाही. वनखात्याची जाळरेषा याच भरवशावर असते. दोन बाजूंनी आलेल्या आगी समोरासमोर भिडल्या, तर दोन्ही विझतात. पुढे जळायला काही उरलेलंच नसतं.

रसायनांच्या पातळ थरातही असा वणवा पेटतो, आणि त्याच्याकडून हिशेब करून घेता येतो.

याचा माग 1906 च्या ड्रेस्डेनपर्यंत जातो. अभिक्रियेची लाट नळीतून पुढे सरकते, हे रॉबर्ट लुथर यांनी तिथल्या सभेत दाखवलं. श्रोत्यांत वाल्थर नर्न्स्ट होते, आणि त्यांनी शंका काढल्या. मग बराच काळ शांतता. 1951 मध्ये मॉस्कोचे बोरिस बेलौसोव्ह पेशीतलं क्रेब्स चक्र परीक्षानळीत उतरवू पाहत होते. सायट्रिक आम्ल, ब्रोमेट आणि सेरियम यांचं मिश्रण पिवळं झालं, रंग गेला, पुन्हा पिवळं झालं. असं होणं शक्यच नाही, म्हणून संपादकांनी निबंध साभार परत केला. 1959 मध्ये तो किरणोत्सारी वैद्यकाच्या एका संग्रहात त्रोटक रूपात छापला गेला. रसायनशास्त्रज्ञ तिकडे कशाला फिरकणार!

1961 पासून अनातोली झाबोटिन्स्की या तरुण विद्यार्थ्यानं ते काम पुढे नेलं. 1970 मध्ये त्यांनी झैकिन यांच्यासह पातळ थरातल्या वर्तुळाकार लाटा जगापुढे आणल्या. त्याच वर्षी बेलौसोव्ह वारले. लेनिन पारितोषिक त्यांना मिळालं ते 1980 मध्ये.

गंमत म्हणजे 1936 मध्ये गणनयंत्राची कल्पना मांडणाऱ्या ॲलन ट्यूरिंग यांनीच 1952 मध्ये अभिक्रिया आणि विसरण मिळून सजीवांवर नक्षी कशी उमटवत असतील, हे गणितानं मांडलं. पण रसायनांकडून गणन करून घेण्याचा विषय त्या निबंधात नाही.

तो प्रत्यक्षात आणला इतरांनी. 1989 मध्ये कुनर्ट, अग्लाद्झे आणि क्रिन्स्की यांनी प्रकाशाला संवेदनशील मिश्रणावर चित्र पाडलं आणि रसायनानंच त्याच्या कडा उठावदार केल्या. पण खरा हिशेब जमला तो 1995 मध्ये, वेस्ट व्हर्जिनियात. आगोता टोथ आणि केनेथ शोवॉल्टर यांनी केसासारख्या बारीक नळ्या वापरल्या. नळीतून बाहेर पडणारी लाट फारच अरुंद असेल, तर मोकळ्या द्रवात तिचा जोर पसरून विरतो आणि ती मरते. शेजारच्या दोन नळ्यांमधून दोन लाटा एकाच वेळी आल्या, तर मिळून तग धरतात आणि पुढे जातात. दोन्ही आल्या तर होय, एकच आली तर नाही: संगणकातलं ‘आणि’चं द्वार ते हेच. लाटेचं मरणं इथे वाया जात नाही. तेच उत्तरातलं शून्य ठरतं.

नळ्यांशिवायही जमतं. ब्रिस्टलमध्ये ॲडमॅट्झकी आणि सहकाऱ्यांनी मोकळ्या थरात लाटांचे तुकडे एकमेकांवर आदळवून उत्तर काढण्याचा मार्ग धरला. ग्रे-स्कॉट या साध्या गणिती प्रारूपात रॉबर्ट मुनाफो यांना इंग्रजी ‘यू’च्या आकाराचे, आपणहून सरकणारे ठिपके सापडले, ते मात्र पडद्यावरचे, भांड्यातले नव्हेत.

आपल्याकडेही या वाटेवर माणसं आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले एल. के. दोरायस्वामी आणि बी. डी. कुलकर्णी यांचा रासायनिक अभिक्रियांमधल्या अनिश्चिततेवरचा ग्रंथ 1987 चा. पवईच्या आयआयटीत पुनित परमानंद यांचा गट अशाच स्पंदन पावणाऱ्या अभिक्रियांवर आणि पाण्यावर आपोआप फिरणाऱ्या कापराच्या पट्ट्यांवर काम करतो. थेट संगणक बांधणं वेगळं, पण स्पंदनं आणि लाटा समजल्याशिवाय तिथवर पोचता येत नाही.

या लाटा मिनिटाला काही मिलिमीटर चालतात. सिलिकॉनच्या चिपशी वेगात त्यांची गाठ पडायची नाही, आणि तसं आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.