तीन लाखांचं अंतर: बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत

मंगळवेढ्याहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न सारखा येतोय. "दादा, पक्षी बघायला सगळ्यात भारी दुर्बीण कुठली? स्वारोव्स्की, झाइस की लायका?" विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे. पहिला-दुसरा बोनस हातात आलेला आणि गाडी घ्यायची नाहीये! मी पण त्यातलाच. दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होतो. यातल्या वरच्या मॉडेलची किंमत दोन ते तीन लाखांच्या घरात जाते. आमच्याकडे एवढ्या पैशात बोअर पाडून वर मोटर बसते, हे वडिलांनी मला एकदाच सांगितलं. परत सांगायची गरज पडली नाही.

म्हणून घ्यायच्या आधी ठरवलं, की ही वस्तू इथपर्यंत आली कशी ते बघू. तीन लाखांतला कुठला रुपया कशासाठी जातो, हे इतिहासातून जेवढं कळतं तेवढं जाहिरातीतून कळत नाही.

सुरुवात दुर्बिणीपासून नाही, बंदुकीपासून करतो.

एकोणिसाव्या शतकात पक्षी बघणं म्हणजे पक्षी मारणं. हातात घेतल्याशिवाय पिसं मोजता येत नव्हती, आणि जिवंत पक्षी हातात येत नव्हता. ए. ओ. ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते ह्यूम, यांनी १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला पक्ष्यांचा जो संग्रह दिला, त्यात ऐंशी हजारांच्या आसपास नमुने होते. हा झाला अभ्यास. शिकारीचा हिशोब वेगळाच. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रजानं १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, ९६१ माळढोक मारले. एका माणसानं! आज अख्ख्या देशात जंगलात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास धरतात, तेही मुख्यतः राजस्थानात. सलीम अलींनीसुद्धा सर्वेक्षणांत बंदूक वापरली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या काळाचं साधनच ते होतं.

मग साधन बदललं कसं?

'दुर्बीण' हा शब्द फारसीतून आलाय. दूर-बीन, दूरचं पाहणारी. १६०८ साली हॉलंडमध्ये हान्स लिपरशेनं पेटंट मागितलं, तेव्हा तिथल्या सरकारनं त्याला दोन्ही डोळ्यांनी बघता येईल असंही करून दाखवायला सांगितलं. म्हणजे दोन नळ्यांची कल्पना जवळपास दुर्बिणीएवढीच जुनी आहे. पण गॅलिलिओच्या पद्धतीच्या त्या भिंगांत एक अडचण होती. जरा मोठं दाखवायला गेलं की दिसणारा भाग सुईच्या भोकाएवढा व्हायचा. नाटकं बघायला लोक जी ऑपेरा ग्लास वापरायचे, ती याच जातीची. फ्लॉरेन्स मेरियम या अमेरिकन बाईंनी १८८९ साली 'बर्ड्स थ्रू ॲन ऑपेरा-ग्लास' नावाचं पुस्तक काढलं. पक्षी न मारता ओळखा, हे सामान्य वाचकाला सांगणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. गंमत बघा, साधन तोकडं होतं, पण विचार पुढे निघून गेला होता.

खरी उडी १८९४ ची. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १८५४ साली, इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसानं प्रिझमची जोडी वापरून उलटी प्रतिमा सरळ करायची युक्ती पेटंट केली होती. डिझाइन बरोबर होतं, पण त्या काळची काच तेवढी शुद्ध नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड बरोबर, हार्डवेअर कच्चं. पुढे जर्मनीत येना गावात ओटो शॉटनं चांगली काच बनवली, अर्न्स्ट आबेनं गणित बसवलं, आणि झाइस कंपनीनं १८९४ मध्ये प्रिझमची दुर्बीण बाजारात आणली. आजोबांच्या काळची, मधे रुंद आणि खांदे बाहेर काढलेली दुर्बीण आठवते? ती पोरोचीच.

पुढची उडी १९३५ ची. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. चार म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तर ०.९६ ला दहा वेळा गुणा. हातात ६६ टक्के उरतात. एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला! झाइसच्या अलेक्झांडर स्मॅकुलानं काचेवर अतिशय पातळ थर देऊन ही गळती थांबवायचा मार्ग काढला. सुरुवातीला ते लष्करी गुपित होतं. आज दुर्बीण तिरकी धरली की भिंगात जांभळी-हिरवी झाक दिसते ना, तो त्याचाच वंशज. वरच्या दर्जाच्या दुर्बिणी आज नव्वद टक्क्यांच्या वर प्रकाश डोळ्यापर्यंत पोचवतात.

तिसरी उडी १९८८ ची. तोपर्यंत सरळ नळ्यांच्या, सुटसुटीत रूफ प्रिझमच्या दुर्बिणी आल्या होत्या. त्यांत प्रकाशाचे दोन भाग होतात, वेगवेगळ्या वाटेनं जातात आणि परत एकत्र येतात. येताना त्यांचा ताल किंचित चुकलेला असतो, दोन थ्रेड सिंकमधून बाहेर गेल्यासारखा. परिणाम काय, तर चित्र थोडं मऊ दिसतं. झाइसनं त्या वर्षी प्रिझमवर फेज कोटिंग आणून तो ताल जुळवला.

आता लक्षात घ्या. या तिन्ही उड्या, म्हणजे चांगली काच, प्रकाशाचा थर आणि फेज कोटिंग, आज तीस-चाळीस हजारांच्या चांगल्या दुर्बिणीतही मिळतात. एकेकाळचं लष्करी गुपित आता बहुतेक सगळ्यांकडे आहे.

मग वरचे दोन लाख कशाचे?

स्वारोव्स्की ऑप्टिक १९४९ साली ऑस्ट्रियातल्या आब्साम गावात सुरू झाली. तिच्या पहिल्या दुर्बिणीचं नाव 'हाबिश्ट', एका शिकारी पक्ष्याचं जर्मन नाव. २०२० साली त्यांनी एनएल प्युअर आणली. तिच्या ८×४२ मॉडेलमधून एक किलोमीटरवर १५९ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. झाइसच्या व्हिक्टरी एसएफमधून १४८, लायकाच्या नॉक्टिव्हिडमधून १३५. आणि निकॉनची मोनार्क एम सेव्हन, जी या तिघींच्या किमतीच्या एका कोपऱ्यात बसते, तिच्यातून १४५! म्हणजे नुसते आकडे बघून निवडायला गेलात तर डोकं फिरेल. खरा फरक चित्राच्या कडेला आहे, उन्हासमोर धरल्यावर येणाऱ्या पांढऱ्या धुक्यात आहे, आणि सगळ्यात जास्त आहे तो दिवसाच्या शेवटच्या उजेडात.

याचं साधं गणित आहे. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, एवढा प्रकाशाचा झोत दुर्बिणीतून डोळ्याकडे येतो. आपल्याकडच्या भर उन्हात बाहुली आक्रसून दोन-तीन मिलिमीटर होते. म्हणजे दुपारी बारा वाजता तुम्ही तीन लाखांची दुर्बीण लावा नाहीतर चाळीस हजारांची, बाकीचा प्रकाश बाहुलीबाहेरच सांडणार. आणि दहा पट मोठं दाखवणारी घेतलीत, तर मार्चनंतर काळ्या रानात पक्ष्याऐवजी मृगजळच दहा पट मोठं दिसेल. आपल्या भागासाठी आठ पट बरी, हे मी अनुभवानं सांगतो.

आता माझी एक चूक सांगतो. कॉलेजात असताना ऑनलाइन एक स्वस्त दुर्बीण मागवली होती. दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या, पाच मिनिटांत डोकं दुखायचं. तिच्यातून नीट दिसत नाही म्हणून मी पुढे पुढे सरकायचो. मे महिन्यात आमच्या पडीक रानात टिटवी अंड्यांवर बसली होती. मी जवळ गेलो, ती उठली, ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली. मी मात्र "आता दिसेल नीट" म्हणून तिथंच बसून राहिलो. वीस मिनिटं. बेचाळीस डिग्री ऊन, उघडी जमीन आणि चार अंडी. अंड्यांवर बसणं हे तिथं ऊब देणं नसतं, सावली धरणं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आठवड्यानं गेलो तर अंडी तिथंच होती, थंड. टिटवी नव्हती. माझ्यामुळंच झालं का, हे सिद्ध करता येणार नाही. पण मला विचाराल तर मी "हो" म्हणेन.

तेव्हापासून माझ्यासाठी दुर्बिणीचा सगळा इतिहास एकाच गोष्टीचा इतिहास आहे. आपण पक्ष्यापासून किती लांब उभं राहू शकतो? मॅन्सफिल्डला बंदुकीच्या टप्प्यात यावं लागत होतं. आपल्याला यावं लागत नाही. प्रत्येक नव्या काचेनं माणसाला चार पावलं मागं सरकवलं.

आणि आपल्या जिल्ह्याला हे कुणी वेगळं सांगायला नको. नान्नजच्या माळावर माळढोक आहेत, याकडे सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ च्या सुमारास लक्ष वेधलं. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि त्याच वर्षी आपल्याकडे तो मोठा दुष्काळ होता. १९७९ मध्ये अभयारण्य झालं. पुढे डॉ. असद रहमानींसारख्या शास्त्रज्ञांनी नान्नजला बसून या पक्ष्याचा अभ्यास केला. म्हणजे तासन् तास लांबून पाहिलं, टिपलं, आणि पक्षी जागेवर राहू दिला. आज तिथं एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. आपल्याच सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींचा वाढदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून महाराष्ट्रात तो आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या आठवड्यात नवीन दुर्बिणी गळ्यात घालून खूप जण माळावर जातात. त्यांनी रस्त्यावरच थांबावं, एवढं जरी या भागातून झालं तरी चालेल.

बरं, मी काय घेतलं?

जानेवारीत ओळखीच्या एका काकांनी त्यांची महागडी दुर्बीण एका संध्याकाळपुरती दिली. माझ्या हातात मित्राची मधल्या किमतीची होती. आम्ही माळावर गवतात उतरणारे भोवत्या बघत होतो. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतात आणि रात्री जमिनीवरच झोपतात, म्हणून जवळ जायचा प्रश्नच नाही. पांढुरक्या भोवत्याची मादी आणि माँटेग्यूच्या भोवत्याची मादी यांतला फरक मानेभोवतीच्या फिकट पट्टीवरून कळतो. सूर्य बुडाल्यावर साधारण पंधरा मिनिटांनी मधल्या दुर्बिणीतली ती पट्टी विरघळली. महागडीत ती आणखी सात-आठ मिनिटं दिसत राहिली. काका म्हणाले, "हे सात मिनिटांचे पैसे आहेत बघ."

अगदी खरं बोलले. जो माणूस रोज अशा वेळी माळावर असतो, मोजणी करतो, नोंदी ठेवतो, त्याला ती सात मिनिटं रोज मिळतात. दहा-पंधरा वर्षांत त्याचे पैसे वसूल. मी पुण्यात लॅपटॉपसमोर असतो, महिन्यातून दोनदा गावी येतो. माझ्या वाट्याला ती सात मिनिटं वर्षातून किती वेळा येणार? २०२४ पासून तर पक्षी ओळखून त्याचं नाव दाखवणारी दुर्बीणही मिळते, स्वारोव्स्कीचीच. तिच्याबद्दल विचार करायच्या आधीच मी ते पान बंद केलं.

मी मधल्या किमतीच्या ८×४२ दोन घेतल्या. एक माझी. दुसरी गावच्या घरात, खुंटीला, आजोबांच्या गोफणीशेजारी.

आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून भोरड्यांनी तिला मानांकन देऊन टाकलंय! हिवाळ्यात थवेच्या थवे उतरतात. आजोबांनी आयुष्यभर माळ्यावर उभं राहून गोफण फिरवली. भोरडी त्यांनी हजारो वेळा पाहिलीय, पण कायम उडताना, कायम दगडाच्या टप्प्याच्या पलीकडे. डोळ्याला दुर्बीण लावायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आरं, गुलाबी हाय की ही," ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा, "आन् तोंडात दाणा न्हाय तिच्या. टोळ हाय."

मी खूश झालो. म्हटलं, बघा, कीड खातात म्हणजे उपयोगाचीच ना.

दुर्बीण खाली न घेता म्हणाले, "दाणा बी खातीच की. आत्ता खाल्ला बघ."

तर मंडळी, घेण्याआधी स्वतःला तीनच गोष्टी विचारा. तुम्ही कुठल्या उजेडात बघणार? महिन्यातले किती दिवस? आणि पक्ष्यापासून किती लांब थांबायची तुमची तयारी आहे? पहिल्या दोन उत्तरांवरून किंमत ठरेल. तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर कुठलीच घेऊ नका.

दुकानात गेलात तर दाराबाहेर येऊन बघा, आतल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच भारी दिसतात. लांबच्या विजेच्या तारेवर धरा, एक डोळा झाका, मग दुसरा. तार जागची हलली किंवा दोन दिसल्या, तर ती दुर्बीण परत ठेवा. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, लांबूनच बघा!