पुलावरचे दिवे आणि भंडारा

रात्री मुद्दाम पूल बघायला जायचं, ही कल्पना आपल्याकडे अगदी अलीकडची. पूल ओलांडायचा असतो, त्याच्याकडे बघत कोण बसतं? नदीवर दिवे लावायची हौस मात्र जुनीच. पण तो दिवा देवळापुढच्या दीपमाळेवर, घाटाच्या पायऱ्यांवर किंवा त्रिपुरी पौर्णिमेला द्रोणात. माडगीला वैनगंगेच्या पात्रात नृसिंहाचं देऊळ आहे, तिथेही कार्तिकातच जत्रा भरते. पाणी आणि उजेड यांचं नातं आपल्याला शिकवायला कुणी परदेशी कन्सल्टंट लागत नाही. फक्त त्यात पूल नव्हता, कारण मुळात पूलच नव्हते. वैनगंगा लोक डोंग्यातून ओलांडत.

भंडाऱ्याची गंमत अशी की गाव नदीकाठी वसलेलं, पण गावाला महत्त्व आलं ते रस्त्यामुळे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड इथून जायचा, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३ (आपल्या पिढीच्या तोंडात अजून 'एनएच सिक्स'च बसलाय). रेल्वे १८८० च्या दशकात आली, पण ती शहरात न शिरता वरठीवरून गेली, म्हणून स्टेशनचं नाव 'भंडारा रोड'. हा 'रोड' शब्द जोडलेली सगळी स्टेशनं मला जरा रुसलेली वाटतात. असो. सांगायचा मुद्दा हा की शहराचं खरं दार म्हणजे कारध्याचा नदीवरचा रस्ता. तिथे इंग्रजांच्या काळातला बुटका, लहान पूल आहे आणि शेजारी महामार्गाचा मोठा. मोठ्या पुलावरून गाड्या ऐंशीच्या स्पीडने निघून जातात, आणि भंडारा आलं कधी, गेलं कधी, ते आतल्या माणसाला कळतही नाही.

आता दिव्यांकडे येऊ. सरकारी रोषणाई आपल्याकडे राणीच्या ज्युबिलीला, १८८७ आणि १८९७ साली झाली, पण ती चार दिवसांची तेलाची चैन. पुढे वीज आली, मग सोडियमचे पिवळे दिवे आले. त्यांना एकच रंग माहीत! रंगीत उजेड हवा तर दिव्यापुढे रंगीत काच नाहीतर जिलेटिनचा कागद. लाल आणि हिरवी एलईडी बरीच जुनी, निळी मात्र काही केल्या जमेना. ती लख्ख निळी एलईडी १९९३ च्या सुमारास जपानमध्ये जमली (२०१४ चं नोबेल त्यासाठीच) आणि मग तिन्ही रंग मिसळून हवा तो रंग करता यायला लागला. राहिला कंट्रोल. तो नाटकवाल्यांकडून आला. स्टेजच्या दिव्यांसाठी १९८६ साली डीएमएक्स ५१२ नावाचं प्रोटोकॉल बनलं होतं. एका लाइनीवर ५१२ चॅनल, एका रंगीत दिव्याला तीन, म्हणजे १७० दिवे. साधा भागाकार! आज पुलापुलांवर जे रंग नाचतात त्यातल्या पुष्कळांच्या पोटात हेच नाटकातलं प्रोटोकॉल आहे.

मग लाटच आली. हावडा ब्रिज उजळला, २००९ मध्ये उघडलेला वांद्रे-वरळी सी लिंक उजळला, २०२० च्या जानेवारीत हावड्यावर नवीन रंगीत रोषणाई झाली. पण भंडाऱ्यासारख्या गावाने मुंबई-कोलकात्याकडे बघू नये असं माझं मत. बघायचंच तर इंग्लंडमधल्या गेट्सहेडकडे बघावं. कोळसा आणि जहाजांचा धंदा बसलेलं, टाइन नदीकाठचं गाव. २००१ मध्ये तिथे पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी एक कलणारा पूल झाला, रात्री रंग बदलणारा. लोक यायला लागले. मात्र नुसत्या दिव्यांनी नाही हं. २००२ मध्ये पुलाच्या टोकाशी जुन्या पिठाच्या गिरणीचं कलादालन झालं, २००४ मध्ये संगीतगृह. उजेडाने माणूस ओढला आणि बाकीच्यांनी त्याला थांबवला. पूल चालायचा होता, हेही विसरू नका.

उलट बाजूही बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर २०१३ मध्ये पंचवीस हजार पांढरे एलईडी लागले, जगभर फोटो गेले. समुद्राच्या हवेने आणि थरथरीने दिवे बंद पडत गेले आणि मार्च २०२३ मध्ये सगळं बंद करावं लागलं. म्हणजे कमी पैसा नसलेल्या शहरात, दहा वर्षांत! आपल्याकडे उद्घाटनाला पैसा मिळतो, दुरुस्तीला मिळत नाही, हे नगरपरिषदेच्या बाहेर उभा राहणारा कोणीही सांगेल.

म्हणून कारध्याच्या महामार्गावरच्या मोठ्या पुलाला रंगीत पट्ट्या लावायची कल्पना मला पटत नाही. तो बघणार कोण? ट्रकवाले. आणि त्यांनी रस्ता बघितलेला बरा. शहराच्या मध्याला उजेड हवा असेल तर खांब तलाव आहे. गावातलंच पाणी, चालत जाता येईल असं, बाजारही जवळच. ज्या गावाची ओळखच पितळेच्या भांड्यांनी झाली त्याने तिथले दिवे चायनीज कॅटलॉगमधून मागवावेत का, हाही एक प्रश्नच. उजेड उबदार असावा, रात्री दहानंतर मंद व्हावा. ढिवरांना आणि माशांना रात्र लागते.

जुना लहान पूल मात्र मोह पाडतो. दगडी, बुटका, पाण्याशी लगटून, म्हणजे प्रतिबिंब मिळणार. पण हाच पूल मोठ्या पुरात पाण्याखाली जातो. वैनगंगेची कारध्याची धोक्याची पातळी २४५.५० मीटर. २०२० च्या ऑगस्टअखेर नदी ती कधीच ओलांडून भंडारा शहरात शिरली होती. तिथे दिवे लावायचेच असतील तर खांबावर कायमचे ठोकू नयेत. काठावरून पुलावर झोत टाकावा, तोही सुट्या स्टँडवर, वायरिंग पुराच्या रेषेच्या वर. आणि दसऱ्याआधी एकही दिवा नदीकडे न्यायचा नाही, जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं काढून गोदामात ठेवायचं, हे टेंडरच्या पहिल्याच पानावर लिहावं. गोदामाच्या भाड्यासकट.