'हालेलूया' : एका स्तुतिपदाचा संगीतातील अर्थप्रवास

प्रस्तावना

धार्मिक संगीतात काही शब्द असे आढळतात की ते मूळ भाषेतून बाहेर पडतात, अनेक भाषांमध्ये वावरतात. परंतु त्यांचा अनुवाद होत नाही. 'हालेलूया' हा अशा शब्दांपैकी एक प्रमुख शब्द होय. ज्यू प्रार्थनेत, ख्रिस्ती उपासनेत, युरोपीय अभिजात संगीतात, अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांच्या भक्तिगीतांत आणि विसाव्या शतकातील लोकप्रिय गीतांत हा शब्द सातत्याने गायला गेला आहे. तथापि, तो गाणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना त्याचा शब्दशः अर्थ ठाऊक असेलच असे नाही. अर्थ विस्मृत होऊनही शब्द टिकून राहतो, तेव्हा तो कशाच्या आधारे टिकतो आणि त्या काळात त्याच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न भाषेच्या व संगीताच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. 'हालेलूया' हे मुळात समूहाला उद्देशून केलेले आवाहन होते. संगीताच्या वाटचालीत त्याचे रूपांतर प्रथम उद्गारात व पुढे व्यक्तिगत स्वगतात झाले. या रूपांतराचे टप्पे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शब्दाची घडण व मूळ अर्थ

'हालेलूया' हा दोन हिब्रू पदांचा संयोग आहे. 'हल्लेलू' हे 'ह-ल-ल' या धातूचे द्वितीय पुरुषी, अनेकवचनी आज्ञार्थी रूप असून त्याचा अर्थ 'तुम्ही सर्व जण स्तुती करा' असा होतो. 'याह' हे इस्राएलच्या देवाच्या चार अक्षरी पवित्र नामाचे संक्षिप्त रूप होय. म्हणजेच हा शब्द स्वतः स्तुती नसून स्तुतीची हाक आहे. स्तोत्रसंहितेचे हिब्रू नाव 'तहिल्लीम' हेही याच धातूपासून बनले आहे. १५० स्तोत्रांच्या या संग्रहात 'हालेलूया' वीसपेक्षा अधिक वेळा येतो आणि १४६ ते १५० या अखेरच्या पाच स्तोत्रांचा आरंभ व शेवट याच शब्दाने होतो.

या आज्ञार्थी रूपामागे सामुदायिक गायनाची पद्धती असावी, असे मानण्यास जागा आहे. एकाने हाक द्यावी आणि समुदायाने तीच उचलून धरावी, अशी ही रचना आहे. वल्हांडण सणाच्या रात्री ज्यू कुटुंबात ११३ ते ११८ ही स्तोत्रे म्हटली जातात. त्यांना 'हल्लेल' अशीच संज्ञा आहे. महाराष्ट्रातील वाचकाला हे समजण्यास कठीण जाऊ नये. कीर्तनात वा दिंडीत 'बोला' या शब्दाने सुरू होणारा नामघोषही व्याकरणदृष्ट्या अनेकवचनी आज्ञार्थच आहे. हाक एकाची आणि घोष सर्वांचा असतो. या दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही. परंतु स्तुती ही एकट्याने करावयाची गोष्ट नव्हे, ही धारणा दोन्हीकडे सारखीच दिसते.

अनुवादाविना स्थलांतर

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथांचा ग्रीक अनुवाद होऊ लागला. त्यात स्तोत्रांच्या प्रारंभी येणारा हा शब्द अनुवादित न करता ध्वनिरूपानेच ठेवण्यात आला. ग्रीक लिपीत 'ह' या ध्वनीसाठी स्वतंत्र अक्षर नसल्यामुळे शब्दाचा आरंभ 'अ'ने होऊ लागला आणि लॅटिनमध्ये 'आलेलुया' हे रूप रूढ झाले. आजही कॅथलिक परंपरेत 'आलेलुया' आणि प्रॉटेस्टंट परंपरेत 'हालेलूया' अशी दोन रूपे आढळतात, त्याचे मूळ या लिप्यंतरात आहे.

नव्या करारात हा शब्द केवळ 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, चार वेळा येतो. तेथे तो स्वर्गातील समुदायाचा विजयघोष आहे. संत ऑगस्टीन (इ. स. ३५४-४३०) याने 'आमेन' व 'आलेलुया' या शब्दांविषयी असे मत नोंदविले आहे की, त्यांचा अनुवाद शक्य असूनही त्यांच्या पावित्र्यामुळे त्यांचे प्राचीन रूप जतन करण्यात आले. म्हणजेच अर्थ सांगता येत होता. परंतु ध्वनीलाच प्रामाण्य प्राप्त झाले होते.

पुढील अनुवादकांपुढेही हाच पेच होता. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्ये स्तोत्रांत या शब्दाचा अर्थानुवाद केलेला आहे, तर प्रकटीकरणात मूळ ध्वनी कायम ठेवला आहे. प्रचलित मराठी बायबलमध्येही अशीच विभागणी दिसते. स्तोत्रांत 'स्तवन करा' असा स्पष्ट आज्ञार्थ येतो आणि प्रकटीकरणात 'हालेलूया' हाच शब्द राहतो. एकाच ग्रंथाच्या दोन भागांत एकच शब्द कधी अर्थ म्हणून, तर कधी नाद म्हणून भेटतो. या दोहोंतील नाते सामान्य वाचकाच्या लक्षात सहसा येत नाही.

नादाचा विस्तार : मध्ययुगीन चर्चसंगीत

लॅटिन उपासनेत शुभवर्तमानाच्या वाचनापूर्वी 'आलेलुया' गाण्याची प्रथा रूढ झाली. ग्रेगोरियन गायनात प्रथम एकल गायक हा शब्द गातो, नंतर गायकवृंद तो उचलतो आणि त्याच्या शेवटच्या 'आ' या स्वरावर दीर्घ, शब्दरहित स्वरावली विस्तारतो. या विस्ताराला 'जुबिलस' म्हणत. भारतीय संगीताच्या परिभाषेत त्याची तुलना आकारातील आलापीशी करता येईल. मात्र हा विस्तार उत्स्फूर्त नसून परंपरेने निश्चित झालेला असे.

या शब्दरहित गायनाला तात्त्विक आधारही होता. ऑगस्टीनने स्तोत्रांवरील भाष्यात शेतातील कापणी करणाऱ्यांचे व द्राक्षमळ्यातील मजुरांचे उदाहरण दिले आहे. ते शब्दांनी गाऊ लागतात. परंतु आनंद अनावर झाला की शब्द सोडून केवळ नाद उरतो. जो शब्दांत मावत नाही त्या ईश्वरासाठी असा नादच योग्य, असे त्याचे प्रतिपादन होते. मध्ययुगीन भाष्यकारांनी हा विचार 'आलेलुया'च्या स्वरविस्ताराला लागू केला. येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. ज्या अंत्य अक्षरावर हा विस्तार होई, ते मूळ हिब्रूतील ईश्वरनाम 'याह' होय. आज्ञार्थी क्रियापद मागे पडले आणि नामाचा स्वर मात्र सर्वाधिक काळ गायला जाऊ लागला.

तथापि, शब्दरहित स्वरावली स्मरणात ठेवणे सोपे नव्हते. सेंट गॅलन येथील मठवासी नोटकर (सु. ८४०-९१२) याने आपल्या सूक्तसंग्रहाच्या प्रस्तावनेत ही अडचण नमूद केली आहे. नॉर्मन आक्रमणात उद्ध्वस्त झालेल्या ज्युमिएज मठातील एक धर्मगुरू सेंट गॅलनला आला. त्याच्याजवळील ग्रंथात अशा स्वरावलींना शब्द जोडलेले होते. ते पाहून नोटकरने प्रत्येक स्वराला एक अक्षर या तत्त्वाने नवी पदे रचली. या 'सीक्वेन्स' प्रकाराची पुढे युरोपभर विपुल निर्मिती झाली. ज्या शब्दाचा अर्थ नादात विरला होता, त्याच नादातून नवे शब्द उगवले, असे या घटनेचे वर्णन करता येईल. १५७० च्या रोमन मिसा-ग्रंथात मात्र यांपैकी केवळ चार रचना ठेवण्यात आल्या.

मौनाने मिळालेला अर्थ

शब्दाचा अर्थ तो केव्हा उच्चारला जात नाही, यावरूनही ठरतो. लॅटिन परंपरेत उपवासकाळात 'आलेलुया' गाणे वर्ज्य असते आणि ईस्टरच्या उपासनेत तो पुन्हा गायला जातो. मध्ययुगात फ्रान्समधील काही चर्चमध्ये उपवासकाळापूर्वी 'आलेलुया'ला प्रतीकात्मक मूठमाती देण्याचा विधीही होत असे. या विरामामुळे लॅटिन जगात हा शब्द केवळ स्तुतीचा न राहता पुनरुत्थानाच्या आनंदाचा निदर्शक बनला.

याउलट पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपवासकाळातील प्रार्थनांत व अंत्यसंस्कारांतही हा शब्द गायला जातो. एकाच शब्दाला एका परंपरेने आनंदाशी बांधले, तर दुसरीने शोकातही त्याची साथ सोडली नाही. यावरून स्तुतिपदाचा भाव शब्दात अंगभूत नसतो, तो उपासनेच्या व्यवहारातून सिद्ध होतो, असे म्हणता येते.

मंदिरातून नाट्यगृहाकडे

जॉर्ज फ्रेडरिक हँडेल याने 'मसीहा' ही संगीतकृती १७४१ मध्ये २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या २४ दिवसांत रचली. चार्ल्स जेनेन्स याने बायबलमधील वचने निवडून तिची संहिता सिद्ध केली होती. तिचा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन येथे झाला आणि त्याचे उत्पन्न कर्जबाजारी कैद्यांच्या मुक्ततेसाठी व दोन रुग्णालयांसाठी देण्यात आले. दुसऱ्या भागाच्या अखेरीस येणाऱ्या सुप्रसिद्ध समूहगानाची वचने 'प्रकटीकरण' या पुस्तकातील आहेत. पहिले अक्षर लांबवून उरलेली तीन अक्षरे झटपट उच्चारण्याची हँडेलची लयरचना मध्ययुगीन पद्धतीच्या नेमकी उलट आहे. तेथे अंत्य स्वर विस्तारत असे. येथे शब्द घोषणेसारखा आदळतो. कर्णे व नगारे यांच्या साथीमुळे त्याला राज्याभिषेकाच्या जयघोषाचे रूप येते.

१७४३ मध्ये लंडन येथील प्रयोगाच्या वेळी पवित्र वचने नाट्यगृहात गाण्यास जाहीर आक्षेप घेण्यात आला. शब्द कोठे गायला जातो, यावर त्याचे पावित्र्य अवलंबून असते काय, हा त्या वादाचा गाभा होता. या समूहगानाच्या वेळी राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला व म्हणून श्रोते उभे राहू लागले, अशी आख्यायिका प्रचलित आहे. तिचा समकालीन पुरावा मिळत नाही. तिचा उल्लेख १७८० मधील एका पत्रात येतो. मात्र श्रोत्यांचे उभे राहणे ही प्रथा पुढे दृढ झाली. नाट्यगृहातील श्रोत्यांनी उभे राहून या शब्दाला उपासनेतील मान दिला, हे त्या वादाला मिळालेले व्यवहारातील उत्तरच म्हटले पाहिजे.

गुलामांचे गीत व युद्धगीत

अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांच्या भक्तिगीतांत 'हालेलूया' वारंवार आढळतो. १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या मुद्रित संग्रहात आणि १८७१ पासून 'फिस्क ज्युबिली सिंगर्स' या गायकवृंदाने जगभर पोहोचविलेल्या गीतांत याची साक्ष मिळते. या गीतांत दुःखाच्या कथनानंतर लगेच स्तुतिपद येते. वरवर विसंगत वाटणारी ही रचना अर्थपूर्ण आहे. ज्यांच्या श्रमावर, देहावर व कुटुंबावर मालकाचा अधिकार होता, त्यांनी आपली स्तुती मालकाला नव्हे, तर ईश्वरालाच अर्पण केली. एकाने हाक देऊन इतरांनी उत्तर देण्याच्या त्यांच्या गायनपद्धतीमुळे शब्दाचे मूळ सामुदायिक रूपही, हिब्रू व्याकरण ठाऊक नसताना, पुन्हा जिवंत झाले.

याच सुमारास धार्मिक मेळाव्यांतील एका चालीवर गुलामगिरीविरोधक जॉन ब्राऊन याच्याविषयीचे सैनिकी गीत रचले गेले आणि त्याच चालीवर ज्युलिया वॉर्ड हाऊ हिने लिहिलेले युद्धगीत फेब्रुवारी १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींच्या ध्रुवपदांत 'हालेलूया' होता. स्तुतीचा शब्द अशा रीतीने लष्करी कूच करताना गायला जाऊ लागला.

आधुनिक काळ : समूहाकडून व्यक्तीकडे

१९७० मध्ये जॉर्ज हॅरिसन याने आपल्या एका गीतात 'हालेलूया' व 'हरे कृष्ण' हे दोन्ही घोष एकाच साथसंगतीत गुंफले. धर्म भिन्न असले तरी नामघोषाची रीत एक आहे, असे त्यातून सूचित होते. १९८४ मध्ये कॅनडातील ज्यू कवी-गायक लिओनार्ड कोहेन याचे 'हालेलूया' हे गीत प्रसिद्ध झाले. प्रारंभी ते फारसे गाजले नाही. जॉन केल (१९९१) व जेफ बकली (१९९४) यांच्या गायनानंतर ते सर्वदूर पोहोचले. स्तोत्रकार दावीद राजाचा संदर्भ घेऊन सुरू होणाऱ्या या गीतात हा शब्द प्रेम, पराभव व संशय यांच्या सान्निध्यात येतो. येथे कोणालाही आवाहन केलेले नाही. एक व्यक्ती स्वतःशीच तो उच्चारते. 'तुम्ही स्तुती करा' या अनेकवचनी आज्ञार्थाचा हा सर्वांत दूरचा पल्ला होय.

मराठी ख्रिस्ती परंपरेतील प्रश्न

मराठी भाषिकांच्या दृष्टीने हा विषय केवळ परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्यासाठी त्यांनी ओवीचा स्वीकार केला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग व कीर्तन यांना स्थान मिळवून दिले. स्तुती आपल्याच छंदांत व आपल्याच शब्दांत झाली पाहिजे, हा या प्रयत्नांचा गाभा होता. १९६२-६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासनाही मराठीतून होऊ लागली. तरीही 'आलेलुया' अनुवादाविना राहिला. स्वभाषेत स्तुती करण्याची ओढ आणि जगभरातील समुदायाशी एकाच ध्वनीने जोडले जाण्याची इच्छा या दोहोंतील ताण या एका शब्दात एकवटला आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, 'हालेलूया' टिकून राहिला तो कोशातील अर्थामुळे नव्हे, तर गायनामुळे. दुसरी, त्याचा भाव प्रत्येक समाजाने आपल्या उपासनेतून व अनुभवातून घडविला. म्हणूनच तो ईस्टरचा आनंद, अंत्ययात्रेतील सांत्वन, गुलामांचा धीर आणि सैनिकांचे बळ असा विविध रूपांनी प्रकटला. तिसरी, या प्रवासात शब्दाने सर्वाधिक गमावले ते त्याचे अनेकवचन. आज हा शब्द व्यासपीठावरून ऐकला जातो तेव्हा श्रोते बहुधा मूक असतात. परंतु मूळ शब्दाची मागणी ऐकण्याची नसून सहभागाची आहे. ज्या परंपरांमध्ये हाकेला अजूनही प्रतिसाद दिला जातो, तेथे अर्थ ज्ञात असो वा नसो, 'हालेलूया' आपल्या मूळ अर्थानेच गायला जातो, असे म्हणावे लागते.