रक्ताची साक्ष आणि वहीची साक्ष



ज्युबिलीच्या या स्मरणिकेसाठीं आपल्या गांवांतील घराण्यांविषयीं कांहीं लिहावें, म्हणून मीं बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व मृत्यूच्या जुन्या वह्या कपाटांतून बाहेर काढल्या होत्या. त्याच सुमारास आपल्यांतील एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवासह माझ्याकडे आले. नातू कॅनडाहून सुट्टीवर आला होता. त्याच्या हातीं एक अहवाल होता, व त्या अहवालानें आजोबांची झोप उडविली होती. त्यांच्या संमतीनें, पण नांव न देतां, ही हकीकत येथें सांगतों.

अलीकडे कुपींत थोडी लाळ घालून पाठविली असतां कांहीं आठवड्यांत आपल्या वंशाचा अहवाल घरबसल्या मिळतो. लाळेंतील पेशींमध्यें डीएनए नांवाचें आनुवंशिक द्रव्य असतें. तें निरनिराळ्या प्रदेशांत आज राहणाऱ्या लोकांच्या नमुन्यांशीं ताडून पाहतात आणि पूर्वज कोठले असावेत, याचा अंदाज बांधतात. ज्यांनीं तशीच परीक्षा करविली आहे, त्यांपैकीं रक्ताचे आप्त कोण, हेंही त्यावरून कळतें. नातवानें हौसेनें आजोबांची परीक्षा करविली. परदेशीं राहणाऱ्या त्यांच्या एका भाऊबंदानेंही ती पूर्वींच केली होती.

पहिला धक्का आडनांवाचा बसला. आपला मूळ पुरुष वसईच्या किल्ल्यांतील पोर्तुगीज शिपाई होता, असें हें घराणें अभिमानानें सांगत आलें. अहवालांत पोर्तुगालचा मागमूसही नव्हता. आजोबांनीं विचारलें, "मग आमचें आडनांव कोठून आलें?"

त्याचें उत्तर इतिहासांत आहे. वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ती जिंकून घेतली. मधल्या दोनशें पांच वर्षांत येथील शेतकरी, कोळी व कारागीर ख्रिस्ती झाले. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें किंवा पाद्रीसाहेबांचें आडनांव नव्या ख्रिस्तजनास मिळे. म्हणूनच परेरा, डिमेलो, लोपीस हीं आडनांवें वाडवळांत, सामवेद्यांत व कोळ्यांतही सांपडतात. आडनांव एक म्हणजे रक्त एक, असें नव्हे. गोवा, कुमठा व मंगळूर येथील कॅथलिकांच्या डीएनएचा अभ्यास हैदराबाद व लखनौ येथील शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतही या लोकांचा मुख्य वारसा पोर्तुगीज नसून एतद्देशीयच असल्याचें आढळलें.

तथापि अहवालालाही मर्यादा आहेत. १७३९ पासून आजपर्यंत सुमारें दहा पिढ्या होतात. दर पिढीस पूर्वजांची संख्या दुप्पट होते, म्हणजे दहाव्या पिढींत १,०२४ स्थानें भरतात. त्यांत एखादाच पोर्तुगीज असला, तर त्याचा वांटा सरासरीनें हजारांत एक भाग, व पुष्कळदां मुळींच उरत नाहीं. म्हणून अशा अहवालानें आजीच्या गोष्टीस खरें ठरवितां येत नाहीं, त्याचप्रमाणें सर्वस्वी खोटेंही ठरवितां येत नाहीं.

दुसरा धक्का मात्र कठीण होता. या गृहस्थांचे आजोबा व त्या परदेशस्थ भाऊबंदाचे आजोबा हे सख्खे भाऊ, असें दोन्ही घरें मानीत आलीं. ज्यांचे पणजोबा एक, अशा दोघांत सरासरीनें शंभरांत तीन भाग आनुवंशिक द्रव्य सामाईक असतें. तें अजिबात नसणें जवळजवळ अशक्य. येथें कांहींच जुळेना! घरांत कोणी तरी हलक्या आवाजांत म्हणालें, "आजीचें पाऊल घसरलें असेल." ज्या आजीच्या मांडीवर बसून हे गृहस्थ रोझरी म्हणावयास शिकले, तिच्यावर तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं हा कलंक आला.

आम्ही तिघे वह्या घेऊन बसलों. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत प्लेगाची सांथ सुरू झाली व ती आसपासच्या मुलखांत पसरली, हें आपण ऐकून आहांत. १८९७ सालच्या पानावर पोर्तुगीज भाषेंत एक नोंद सांपडली. सुमारें दोन वर्षांचा मुलगा, आईबाप प्लेगानें मृत, त्यांचीं नांवें नाहींत. मुलाचें नांव या गृहस्थांच्या आजोबांचें. धर्मपिता म्हणून नांव होतें तें, ज्यांना हें घर पणजोबा म्हणून ओळखतें, त्यांचें. जन्मदात्यास आपल्या मुलाचा धर्मपिता होतां येत नाहीं, हा चर्चचा जुना नियम आहे. म्हणजे त्यांनीं परक्याचें पोरकें पोर उचलून घरीं आणिलें, त्यास आपलें आडनांव दिलें, व स्वतःच्या मुलाबरोबर भाऊ म्हणून वाढविलें. पुढें ही गोष्ट घरांत कोणी बोललें नाहीं.

वृद्ध गृहस्थ बराच वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "फादर, आजीची क्षमा आतां कशी मागूं?" मीं म्हटलें, "बाबा, तिच्यासाठीं मिस्सा ठेवा, व त्या धर्मपित्यासाठींही."

डीएनएनें असत्य सांगितलें नव्हतें. रक्त जुळत नाहीं, इतकेंच त्यानें सांगितलें. कां जुळत नाहीं, हें सांगणें त्याच्या आवांक्याबाहेरचें होतें. रिकामी जागा माणसांच्या संशयानें भरली. धर्मपित्यांचीं नांवें वहींत लिहावीं, अशी आज्ञा ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं केली. ती पाळणाऱ्या कोणा विसरलेल्या धर्मगुरूच्या दोन ओळींनीं एका स्त्रीची अब्रू राखिली.

म्हणून माझी विनंती अशी कीं, अशी परीक्षा ज्यांना करावयाची असेल त्यांनीं ती खुशाल करावी, परंतु उत्तर आल्यावर कोणावर दोष ठेवण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांना विचारावें, जुने कागद पाहावे, व चर्चच्या वह्यांकडे यावें. संत मत्तयानें प्रभु येशूची वंशावळ दिली आहे, ती योसेफापर्यंत येते. आणि योसेफ तर त्याचा रक्ताचा पिता नव्हता. तरीही तीच वंशावळ आपण दरवर्षीं आदरानें वाचतों.

त्या प्लेगांतील पोराचा वंश आज या चर्चच्या बांकांवर बसतो. आडनांव त्यांचेंच आहे. तें त्यांना दयेनें मिळालें, आणि असें आडनांव लावण्यांत कोणी संकोच मानूं नये.